मनात प्रेम नसताना प्रेमानं वागलं तर ते ढोंग का? (कापणीच्या सणातलं भांडण)

अंबडची सून

सर्वांना सलाम. प्रश्न जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी शिक्षिका. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिला मंडळाचा हिशोब माझ्याकडं असतो. गेल्या कापणीच्या सणाला नेहमीसारखा लिलाव झाला. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. लोक शेतातलं, परसातलं जे असेल ते वेदीपुढं आणून ठेवतात. ज्वारीची कणसं, काशीफळ, तुरीच्या शेंगा, गावरान कोंबडा, शहरातल्या सुना केक पण आणतात. उपासना झाली की बाहेर मंडपात बोली लागते, आणि बोलीचा वस्तूच्या किमतीशी काही संबंध नसतो. अर्पणच आहे ते. एक लिंबू हजाराला जातं. एका आजीनं पदराखाली झाकून आणलेल्या अंड्यांवर तिचे दोन जावई असे काही चढाओढीला लागले की आजीच मधे उठून म्हणाली, "बास करा रे, घरी अजून आहेत."

तर आमच्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी, जे कमिटीवर पण आहेत, कोंबड्यावर मोठी बोली केली. टाळ्या झाल्या. कोंबडा त्यांच्या घरी गेला, पैसे आले नाहीत. मी आठवण केली की हसून म्हणायचे, "पळून चाललोय का मी?" मग वार्षिक सभेत हिशोब वाचताना ती रक्कम येणे दाखवली, तर उभे राहून म्हणाले की पैसे कधीच दिलेत, बाईंनी लिहून घ्यायचं राहिलं असेल, बाईमाणसाकडं वही दिली की असंच व्हायचं. सगळ्यांसमोर. कुणी चकार शब्द काढला नाही. शेजारी बसलेला माझा नवरा पंख्याकडं बघत होता.

आता या रविवारी उपासनेत बायबल वाचन माझ्याकडं आलंय. योहानाचं पहिलं पत्र, अध्याय ४. घरी मोठ्यानं वाचून बघायले तर विसाव्या वचनावर गाडी अडकायली. देवावर प्रीती आहे म्हणणारा जर भावाचा द्वेष करत असेल तर तो लबाड, असं सरळ लिहिलंय. आणि ते पुढच्याच बाकावर बसतात.

पाळकसाहेब (आमचे पास्टर) मागं प्रवचनात म्हणाले होते, हापशात आधी तांब्याभर पाणी ओतावं लागतं, तसं देवानं त्याची प्रीती आधी आपल्यात ओतली, म्हणून आपल्यातून दुसऱ्यासाठी येते. ऐकायला गोड वाटलं. पण माझा हापसा कोरडाच आहे. त्या माणसाबद्दल मला काही म्हणजे काही वाटत नाही, राग सोडून. मग हसून "सलाम काका" म्हणायचं म्हणजे ढोंगच झालं ना?

बीडचा पाव्हणा

ताई, मंडळी बदला. आमच्या गावात एका चर्चची भांडून तीन झाली. आता तिन्हीकडं वेळ वेगवेगळी, पेटी वेगळी, ढोलकी वेगळी, आणि प्रवचन तिन्हीकडं प्रीतीवरच.

हापसा दुरुस्ती

मूळ प्रश्नावर मोठी माणसं बोलतील. मी फक्त हापशाचं बोलतो, कारण पंचायत समितीत माझी सगळी नोकरी पंप दुरुस्तीतच झाली.

तुमच्या पाळकसाहेबांना सांगा, पाणी ओतावं लागतं ते आडावरच्या, अंगणातल्या छोट्या पंपाला. त्याचा वॉशर वरच असतो, वाळला की नुसती हवा ओढतो. बोअरच्या हापशाला वरून पाणी ओतायचं काही कामच नाही. त्याचा सिलिंडर खाली पाण्यात बुडालेला असतो. दोन दिवस कुणी मारला नसेल आणि खालचा व्हॉल्व्ह थोडा गळत असेल तर पाइप रिकामा झालेला असतो. मग दांडा खालीवर करत राहायचं. कितीतरी हात नुसतेच जातात, लोकांना वाटतं बंद पडलाय. पाणी खाली असतंच. वर यायला वेळ लागतो.

जालना जिल्ह्यातल्या माणसाला हे माहीत पाहिजे म्हणून अजून एक. पूर्वी बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, पंप यायचे, एका घराच्या वापराला केलेले. ते गावाच्या बोअरवर बसवले की महिन्या-दोन महिन्यात मोडायचे, कारण दिवसभर अख्खं गाव त्याच्यावर तुटून पडायचं. जालन्याच्या स्कॉटिश मिशनची माणसं दुष्काळी गावांत बोअर घ्यायची, त्यांच्याकडं मग पोलादी, दणकट पंप घडला. त्याला जालना पंपच म्हणायचे. पुढं सोलापूरला तो अजून सुधारला आणि सत्तरच्या दशकात त्यातूनच सरकारी इंडिया मार्क-२ आला, जो आज गावोगाव उभा आहे. त्या पंपावर कोण पाणी भरतंय, कोणत्या आळीतलं, असं त्याच्यात बघायची सोय नव्हती.

पैठणकर

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे, वाचायला येत असतो. एक विचारू का? राग मानू नका. तुमच्याकडं "एकमेकांवर प्रीती करा" असं म्हणतात. एकमेकांवर म्हणजे आपल्या-आपल्यातच का? आमच्या नाथांनी काशीहून आणलेली कावड तहानलेल्या गाढवाला पाजली, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. तिथं एकमेकांचा प्रश्नच नाही.

सिस्टर, लातूर

आधी पैठणकर दादांना. सगळ्यांचं बरं करा असंच आहे आमच्याकडं, आणि विश्वासाच्या घराण्यातल्यांचं विशेष करून, असं पौलानं गलतीकरांना लिहिलंय. ते "विशेष" तुम्हाला पक्षपात वाटेल. मला उलट वाटतं. परक्याचं भलं करणं त्या मानानं सोपं असतं हो. गाढव पाणी पिऊन निघून जातं, पुढच्या रविवारी शेजारी येऊन बसत नाही. अंबडच्या ताईंना बिहारच्या पूरग्रस्तांवर प्रेम करायला सांगितलं असतं तर त्यांनी इथं प्रश्न टाकलाच नसता.

आता ताई, तुमच्याकडं वळते. मी जन्मभर मिशनच्या दवाखान्यांतच नोकरी केली. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमची टीम गेली होती. ३० सप्टेंबरची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं धाब, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. आसपास दहा हजारांच्या घरात माणसं गेली. त्यात पाऊस लागला.

मला तंबूत जोडीला दिलेली सिस्टर आणि मी, आमचं मागच्या कितीतरी महिन्यांपासून बोलणं बंद होतं. नाइट ड्युटीच्या यादीवरून तिनं माझी तक्रार केली होती आणि ती खोटी होती. आता एकच कंदील, एकच ट्रे. एकीनं जखम धुवायची, दुसरीनं उजेड धरायचा. ती म्हणायची "गॉज", मी द्यायची. मी म्हणायची "इकडं धर", ती धरायची. एका पोराच्या डोक्यातली माती काढता काढता पाणी संपलं, तर ती पावसात बादली घेऊन गेली आणि परत आल्यावर आधी माझ्या हातावर ओतलं, कारण माझे हात चिखलानं भरले होते. त्या रात्री मला तिच्याबद्दल प्रेम वाटलं का? अजिबात नाही. सुचायलाच वेळ नव्हता. आणि परत आल्यावर आमचं गूळपीठ जमलं असंही नाही, ड्युटीवरून पुन्हा वाजलंच. पण तंबूतल्या त्या कामाला ढोंग म्हणाल का तुम्ही? तिच्याबद्दल आधी चांगलं वाटायला पाहिजे, मग मी गॉज देईन, असं म्हणत बसले असते तर ते पोरगं गेलं असतं.

तुम्ही द्वेष कशाला म्हणताय तेही बघा. अपमान झाला म्हणून राग आलाय, तो येणारच. त्यांचं वाईट व्हावं, त्यांची फजिती व्हावी म्हणून तुम्ही टपून बसला असाल तर योहानाचं वचन तुमच्यावर आहे. नसाल तर आवाज न अडकता वाचा.

मला स्वतःला ताकद कुठून मिळते ते सांगते. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, योहान १३. लोक वाचतात आणि नम्रता, नम्रता म्हणून पुढं जातात. क्रम बघत नाहीत. पाय धुतले तेव्हा त्याला धरून देणारा शिष्य, यहूदा इस्कर्योत, तिथंच बसलेला होता. तो उठून बाहेर गेला नंतर, तिसाव्या वचनात. आणि कोण धरून देणार हे प्रभूला धुताना माहीत होतं, तेही तिथंच लिहिलंय. म्हणजे ते पायही त्यानं हातात घेतले, धुतले, कमरेच्या रुमालानं पुसले. "मी जशी तुमच्यावर केली तशी तुम्ही एकमेकांवर करा" ही आज्ञा त्याच्या नंतर येते, चौतिसाव्या वचनात. आधी करून झालं, मग सांगितलं. मी नर्स आहे, लोकांचे पाय धुतलेत, भेगाळलेले, सडलेले, मधुमेहाचे. ओंगळ पाय धुवायला काही वाटत नाही. आपल्याला विकायला निघालेल्याचे धुवायचे म्हणजे काय, ते मला अजून झेपत नाही. पण माझेही पाय त्यात होते, एवढं मला कळतं, आणि तेवढ्यावरच माझं चालतं.

आणि हे पण सोडू नका. पाय धुतल्यावर त्याच टेबलावर तो उघड म्हणाला, तुमच्यातला एक जण मला धरून देणार आहे. प्रीती आहे म्हणून गप्प बसला नाही. तुमच्या सभेत जे सगळे गप्प बसले त्यांना प्रेमळ म्हणू नका. ते भित्रे होते. (तुमच्या मिस्टरांना माझा सलाम सांगा.)

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ काढा. पहिल्या मंडळीतलं भांडण कशावरून होतं? वाटपावरून. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जायचं. प्रेषितांनी "प्रीतीनं राहा" म्हणून त्यांना घरी नाही पाठवलं. सात माणसं नेमली, आणि त्या सातांची नावं बघा, स्तेफनापासून सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हातात वाटप दिलं. हिशोब नीट ठेवणं हे प्रीतीच्या विरुद्ध नाही बाई, प्रीतीचंच काम आहे ते.

म्हणून त्यांच्या घरी जा. मत्तय १८ मध्ये आधी एकट्यानं जायला सांगितलंय. पावती पुस्तक सोबत घ्या.

जालन्याचा नातू

सिस्टरांनी वाटपाचं काढलं म्हणून आठवलं. नारायण शेषाद्री ब्राह्मण घरातले, १८४३ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, घरादाराला मुकले. पुढं जालन्याला आले आणि निजाम सरकारकडून जमीन मिळवून शहराजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली. तिथं आलेली बरीचशी घरं मांग समाजाची. त्या काळात त्यांच्यासोबत एका पंगतीला बसून जेवणं म्हणजे काय होतं, याचा विचार करा. आमच्या घरातली म्हातारी माणसं बेथेलच्या गोष्टी सांगायची. त्यांच्या बोलण्यात सिद्धांत कमी आणि कोण कुणाच्या घरी जेवलं हेच जास्त. आणि आता? प्रभूभोजन सगळे सोबत घेतात, आणि पोरीचं लग्न जमवायचं म्हटलं की पहिला प्रश्न, "तुमचे मूळचे कोण?"

अंबडची सून

सगळ्यांची आभारी आहे. हापसा दुरुस्ती दादांचं पाळकसाहेबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ हसले, म्हणाले पुढच्या वेळी इंजिनिअरला विचारून प्रवचन करीन.

सिस्टर, मी जाईन. पण तुमचं एक पटलं नाही. यहूदाचे पाय धुतले हे खरं, पण त्याला कुणी परत कमिटीवर नाही घेतलं. त्याच्या जागी चिठ्ठ्या टाकून दुसरा निवडला.

सिस्टर, लातूर

वाचता की बायबल! बरोबर आहे, मत्थियाला घेतलं. पण पेत्र या शिष्यानंही त्याच रात्री प्रभूला ओळखत नाही म्हणून नाकारलं होतं, आणि त्याला घेतलं परत. तुमचे काका त्या दोघांतले कोण ते गेल्याशिवाय कसं कळणार? चहा ठेवतील. पहिला कप होईस्तोवर पावती पुस्तक पिशवीतच राहू द्या. आणि बोलताना कोंबड्याची रक्कम नंतर काढा, आधी सभेतल्या त्या "बाईमाणूस"चं बोला. खरं दुखलंय ते तिथं.

हापसा दुरुस्ती

आमच्या मंडळीत मागंच ठरलं, बोली संपली की पैसे जागेवर, नाहीतर वस्तू पुन्हा लिलावात. आता फोनवरून स्कॅन करून पण देतात. दोघी जणी मिळून लिहितात, एकीची वही दुसरी तपासते. वार्षिक सभेत ठराव टाका, सिस्टरांचा अध्याय ६ वाचून.

बीडचा पाव्हणा

सगळं झालं, पण कोंबडा कसा होता ते कुणी विचारलंच नाही.

अंबडची सून

रस्सा त्यांच्या घरी झाला, मला काय माहीत! रविवारी कळवते.