तीव्र उताराचा मालवाहू द्रुतगती मार्ग: सूचनांमध्ये आधी काय मागावं?

वळणवाट: नमस्कार मंडळी. सलग ५ किलोमीटर, जवळपास ६ टक्के उतार, निम्म्याहून जास्त वाहतूक मालाची, आणि पायथ्याशी मार्गिका कमी होतात तिथे रोज रांग. अशा रस्त्याच्या सुधारणेसाठी सूचना मागवल्यात. बैठकीत सगळ्यांचा एकच सूर, मार्गिका वाढवा. मला तेवढ्यानं भागेल असं वाटत नाही. जाणकारांनी सांगा, पहिल्या दोन-तीन मागण्या कोणत्या ठेवू?

जुना_गिअर: जड वाहनांच्या चालकांना शिकवतो, त्या अनुभवावरून लिहितो. ४० टनांचा ट्रक ३०० मीटर खाली येतो तेव्हा सुमारे ११८ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ताशी ६०च्या वेगानं पाच मिनिटांत उतरला, तर सरासरी ३९० किलोवॅट. थोडी हवा आणि टायर खातात, बाकीची इंजिन ब्रेक (इंजिनच्याच विरोधानं वेग रोखणं) किंवा रिटार्डरनं (पायब्रेक न घासता वेग रोखणारं जादा यंत्र) घ्यायला हवी. पायब्रेकवर टाकली की चाकासोबत फिरणारा ब्रेकचा ड्रम तापून प्रसरतो, त्यावर घासणारं लायनर लांब पडतं, घर्षणही घटतं. मग पेडल कितीही दाबा, गाडी ऐकत नाही.

म्हणून गिअर माथ्यावरच पाडायचा, म्हणजे खालचा टाकायचा. गाडी पळायला लागल्यावर पाडायला गेलात आणि बसला नाही, तर ती न्यूट्रलमध्ये सुटते. ‘ज्या गिअरनं चढता त्याच गिअरनं उतरा’ हा जुना नियम आजच्या ताकदवान इंजिनांना पुरत नाही, बहुतेकदा आणखी खालचा गिअर लागतो. ब्रेक सतत चोळत राहू नये. ठरवलेल्या वेगाला पोचलं की दमदार दाबून ताशी दहाएक किलोमीटर वेग उतरवायचा आणि पाय पूर्ण काढायचा.

माझी पहिली मागणी: माथ्यावर ट्रक बाजूला घेऊन ब्रेक तपासता येईल असा प्रशस्त थांबा. तिथेच उताराची लांबी, टक्का आणि जड गाड्यांचा वेग सांगणारा फलक. नुसतं ‘तीव्र उतार’ लिहून चालकाला काय कळणार? पाचशे मीटर की पाच किलोमीटर?

खडी_डांबर: दुसरी मागणी, ब्रेक निकामी झालेल्या गाडीसाठी सुटका-मार्गिका. म्हणजे बाजूला काढलेली खडीची पट्टी, तिच्यात चाकं रुतून गाडी थांबते. त्यात गोल, एकसारख्या आकाराची, सुटी खडी हवी. फोडलेली टोकदार खडी एकमेकींत अडकून घट्ट बसते, चाक रुततच नाही. माती-कचरा साचला तरी तेच, म्हणून ती ठरावीक काळानं उकरून सैल करायचा खर्च करारातच धरायला सांगा. बांधून विसरलेली मार्गिका फसवी असते. शेजारी क्रेनसाठी पक्की पट्टी हवी, आणि प्रवेश लांबून, रात्रीही स्पष्ट दिसायला हवा. खडीत घुसायला चालक कचरतात, कारण गाडी अडकते आणि मालक रागावतो. तिचा वापर केल्याबद्दल दंड नाही, हे फलकावरच लिहा.

वळणवाट: फार मोलाचं लिहिलंत दोघांनी. पण कारवाले म्हणतात, ट्रक हळू उतरवले तर कोंडी आणखी वाढेल. त्यांना काय सांगू?

खडी_डांबर: ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडचं उदाहरण द्या. तिथल्या साउथ ईस्टर्न फ्रीवेच्या लांब उताराच्या पायथ्याशी ऑगस्ट २०१४मध्ये एक टँकर थांबलेल्या गाड्यांवर आदळला, दोघांचा जीव गेला. त्यानंतर उतारावर जड वाहनांना ताशी ६० ची मर्यादा आली. खालच्या गिअरची सक्तीही आहे. एक ट्रक आडवा झाला की अख्खा रस्ता तासन्‌तास बंद. माल वेळेवर पोचेल याची खात्री तिथे संपते, संथ ट्रकमुळे गेलेल्या दोन-तीन मिनिटांनी नाही.

चढाच्या बाजूला मात्र जादा मार्गिका खरंच मागा. ४०० अश्वशक्तीचा भरलेला ट्रक ६ टक्के चढावर ताशी ३५-४०च्या आसपासच चालतो. पण ती मार्गिका माथ्यावर संपवू देऊ नका. ट्रकनं वेग परत धरेपर्यंत पुढे न्यायला सांगा, नाहीतर सगळ्यात संथ जागीच सगळे एकत्र येतील.

जुना_गिअर: आणि पायथ्याच्या रांगेचं शेपूट वर सरकतं, त्यावर लक्ष ठेवणारे सेन्सर हवेत. ‘पुढे रांग’ ही सूचना वळणाआधी, माथ्यावरच दिसायला हवी. उताराच्या मध्यावर वाचून भरलेला ट्रक काय करणार? जड क्रेनही तिथेच कायम उभी ठेवायला सांगा, ती गर्दीतून यायची वाट बघण्यातच निम्मा वेळ जातो.

वळणवाट: माथ्यावरचा थांबा, सुटका-मार्गिका आणि रांगेची आगाऊ सूचना या क्रमानं लिहितो. जादा मार्गिकेची मागणी फक्त चढाच्या बाजूला. मसुदा झाला की इथेच टाकतो, तपासून द्याल ना?