कूलरचा पंखा घरघरतो नि बंद पडतो

प्रश्न (कळंगुट): सोडा-बिअरसाठी काचेच्या दाराचा छोटा कूलर आहे. पाऊस लागल्यापासून आतला पंखा घरघरतो, मग गप्प. बाटल्या कोमट, आतली मागची कॉइल (थंडावा देणारी नळी) मात्र बर्फाने पांढरीफटक. मेकॅनिक म्हणतो गॅस भरा. पटत नाही.

उत्तर (म्हापसा): भरू नका एवढ्यात! गॅस कमी असता तर बर्फ बहुधा कॉइलच्या एका टोकालाच धरला असता. प्लग काढून रात्रभर दार उघडं ठेवा, खाली फडकं. पाती बर्फाला घासत असणार. दारात नोट धरून लावा. सहज निसटली तर दाराचं रबर गेलं. आपल्याकडची पावसाळी हवा तिथूनच आत शिरते.

उत्तर (वास्को): तरीही फिरला नाही तर मल्टिमीटर लावा. असे पंखे बऱ्याचदा १२ व्होल्ट डीसी, पण आधी लेबल बघा. व्होल्टेज येतंय नि पंखा ढिम्म, तर पंखाच बदला. येतच नसेल तर आधी दाराचा स्विच (दार उघडलं की पंखा थांबवणारा) दाबून बघा, मग बोर्ड, म्हणजे कूलर चालवणारं सर्किट. किनाऱ्यावर कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, त्याही घासा. आणि तीन वायरींच्या जागी दोन वायरींचा पंखा नको. तिसरी वेग सांगते, ती नसली तर बोर्ड एरर देऊ शकतो.

प्रश्नकर्ता: बर्फ गेला, फिरतोय. वरच्या कोपऱ्यात रबर सुटलंय. घरघर थोडी आहेच.

उत्तर (वास्को): मग बेअरिंग. पंखा मागवून ठेवा.