अनुभव धागा : १८ डिसेंबरची फायनल तुम्ही कुणासोबत पाहिली?

त्या रविवारी सकाळी गावी ग्रामपंचायतीचं मतदान केलं आणि बोटाची शाई ताजी असतानाच रात्री साडेआठला सांगलीत विश्रामबागेत मामांच्या टीव्हीसमोर बसलो. २०२२ च्या फुटबॉल वर्ल्डकपची अर्जेंटिना-फ्रान्स फायनल. सांगली-साताऱ्यात ती कुणी, कुणाशी भांडत पाहिली, ते लिहा. सुरुवात मी करतो.

मामा पक्के ब्राझीलवाले. नऊच दिवसांपूर्वी क्रोएशियानं ब्राझीलला पेनल्टीवर घरी धाडलं, त्या रात्री ते न जेवता झोपले होते. फायनलला ते फ्रान्सकडून, कारण अर्जेंटिनाच्या मेस्सीला कप मिळाला तर आम्ही मेस्सीवाले त्यांना जन्मभर ऐकवणार. अर्जेंटिनाच्या डी मारियानं २-० केलं तेव्हा मी म्हणालो, "मामा, आता बोला." ते गप्प. मग ८० आणि ८१ व्या मिनिटाला फ्रान्सच्या एमबापेचे दोन गोल! मामा उठून ओरडले आणि मला त्यांचा खरंच राग आला. पण जादा वेळ संपता संपता फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा आत घुसला, अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझनं पाय ताणून बॉल अडवला, तेव्हा "काय अडवलाय रे!" हे मामाच ओरडले. पेनल्टी त्यांनी माझा हात धरून पाहिल्या.

मिरजेहून
माहेर मिरज, सासर कोल्हापूरची मंगळवार पेठ. तिथं आधी गावातला फुटबॉल संघ पाटाकडील की शिवाजी ते ठरतं, मग मेस्सी की ब्राझीलचा नेमार. सासूबाई मेस्सीच्या. मी बाळंतपणाला माहेरी होते, बाळाला मांडीवर घेऊन मोबाइलवर मॅच बघत होते. मोबाइलवरचं चित्र टीव्हीच्या बरंच मागं, त्यामुळं सासूबाईंचा फोन वाजला की कळायचं, गोल झाला. १०८ व्या मिनिटाला वाजला. मेस्सी, ३-२! नंतर फ्रान्सला पेनल्टी मिळाली, ३-३ झालं, फोन वाजलाच नाही. मीच लावला. त्या रडत होत्या. म्हटलं, "आई, अजून शूटआउट आहे, टीव्ही बंद करू नका." अर्जेंटिनाच्या माँटिएलनं शेवटची पेनल्टी मारली तेव्हा पलीकडं अख्खी गल्ली ओरडत होती आणि माझ्या मोबाइलवर तो अजून बॉल ठेवत होता.

सातारा, पोवई नाक्याजवळून
मी फ्रान्सचा, आमच्या ग्रुपमध्ये एकटाच. एमबापेची फायनलमधली हॅटट्रिक (तीन गोल) ही १९६६ च्या इंग्लंडच्या जेफ हर्स्टनंतर पुरुषांच्या वर्ल्डकपमधली दुसरीच. ती करूनही पोरगा हरला. बाहेर फटाके वाजत होते, मी खिडकी लावून घेतली. अजूनही ती मॅच पुन्हा पाहिलेली नाही.

कराडहून
२०१४ च्या फायनलला हॉस्टेलवर आम्ही दोघं जिवलग शेजारी शेजारी बसलेलो. तो जर्मनीचा, मी अर्जेंटिनाचा. आमच्या हिग्वेननं समोरचा चान्स घालवला, ११३ व्या मिनिटाला जर्मनीच्या ग्योट्झेनं गोल केला. मित्रानं सगळ्यांसमोर मेस्सीला नको ते बोललं, मी त्याची कॉलर धरली. नंतर आठ वर्षं बोलणं नाही. त्याच्या लग्नालाही गेलो नाही, ते मात्र मला फार लागलंय.

२०२२ ला साडेअकराच्या सुमारास मॅच संपली आणि त्याचा फोन आला. नंबर अजून सेव्ह होता. हिग्वेनच्या त्या चान्सपासून सुरुवात झाली, पहाटे दोनपर्यंत बोलत बसलो.