घरात पिल्लू येतंय! तयारी, सवयी, नाव... तुमचे अनुभव सांगा

अंगणवेल

काल माळा आवरताना एक लाल पट्टा हाती लागला. जेमतेम वीतभर. कंपनीने पाडलेल्या भोकांच्या अलीकडे आणखी दोन भोकं, बाबांनी खिळा तापवून पाडलेली, कारण आमच्या मोतीची मान तेव्हा एवढीशी होती. आतल्या बाजूला दोनचार पांढरे केस अजून अडकलेले आहेत. मग कसला माळा आणि कसलं आवरणं.

त्यात येत्या रविवारी लेकीकडे पिल्लू येतंय. तिचे सारखे फोन चालू आहेत, काय आणू, कुठे झोपवू, नाव काय ठेवू. मोतीला घरी आणलं तेव्हा तयारी करायची असते हेच कुणाच्या गावी नव्हतं, त्यामुळे माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. पण एक गोष्ट पक्की सांगेन. पिल्लू यायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी बसून शब्द ठरवा. एक जण म्हणणार 'खाली', दुसरा 'उतर', तिसरी 'नको ना रे सोन्या'. त्या जिवाने ऐकायचं कुणाचं? शब्द कुठलाही घ्या, पण सगळ्यांच्या तोंडी तोच हवा.

बाकी तुम्ही लिहा. पहिली रात्र, शी-शू, चावणं, नाव कसं सुचलं, काहीही. तिला हा धागा वाचायला देणार आहे.

निळाई

८ आठवड्यांच्या आत आणू नका म्हणावं. हे सगळ्यात आधी. भावंडांत खेळताना एक जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं, त्यातूनच दातांचा जोर आवरायला शिकतात ती. हे आपल्याला इतकं चांगलं शिकवता येत नाही.

आणि निघताना आईच्या अंगाखालचं फडकं मागून घ्या. आमची ठकी त्यात नाक खुपसल्याशिवाय झोपायचीच नाही. गॅसवर दूध आहे, येते नंतर.

भटक्या

जमिनीवर पालथं पडा. अगदी मनापासून सांगतोय. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून घर बघितलं की काय काय दिसतं! लोंबणाऱ्या वायरी, खालच्या कप्प्यातलं फिनेल, कचऱ्याचा डबा. भाचा आणि मी टॉर्च घेऊन सोफ्याखाली शिरलो तेव्हा पेनाचं टोपण, रबरबँड, डोकेदुखीची गोळी आणि बटणाएवढी बॅटरी निघाली. ती बॅटरी गिळली तर थोड्याच वेळात अन्ननलिका आतून भाजते. गोळीही काही कमी नाही, माणसांची दुखण्यावरची औषधं कुत्र्यांना विषारी ठरू शकतात.

चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण त्याच्या तोंडाला लागता कामा नये. बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये बऱ्याचदा झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असतं, ते तर फारच वाईट. आणि च्युइंगगम असतं पर्समध्ये आणि पर्स असते खुर्चीवर.

रातराणी

पर्सला +१००. आत्ताच उठून वर ठेवली, आणि आमच्याकडे कुत्रा पण नाही 😀

अंगणवेल, माळा आवरायला घेतलात याबद्दलच आधी कौतुक. त्याचा वेगळा धागा काढा ना.

खारूताई

पहिल्या रात्रीबद्दल. "रडू दे, आपोआप सवय होईल" असं सांगणारे खूप भेटतील. ऐकू नका. आदल्या रात्रीपर्यंत ते भावंडांच्या ढिगात झोपत होतं, आणि आज एकदम अंधाऱ्या खोलीत एकटं? आम्ही खोका पलंगाला लावून ठेवला होता. मी कुशीवर झोपायचे, एक हात खाली सोडून. कुंकूं सुरू झालं की नुसती बोटं हलवायची. ते चाटायचं, बोटावर हनुवटी टेकायचं आणि झोपायचं. मग खोका हळूहळू लांब नेला, आधी कपाटापाशी, मग दारापाशी. कुरकुर न करता झोपायला लागलं.

रात्री उठावं लागतंच, त्याची तयारी ठेवा. ढोबळ हिशोब असा की जितक्या महिन्यांचं पिल्लू तितके तास ते शू धरू शकतं, फार तर एखादा तास जास्त. बाहेर नेताना दिवा मंद ठेवायचा, गप्पा नाहीत, खेळ नाही. झाली की हळूच शाब्बास आणि परत खोक्यात. रात्री मजा असते हे एकदा कळलं की रोज पहाटे तीनला उठून बसतं.

उनाड

फोटो??? फोटोशिवाय पिल्लाचा धागा म्हणजे काय. जात कुठली?

अंगणवेल

@उनाड, रविवारी टाकते. जात माहीत नाही. पूर्ण काळं आहे आणि पुढचा एक पाय पांढरा, एवढंच लेकीने सांगितलंय.

उनाड

एक पाय पांढरा! 'मोजा' ठेवा नाव.

चाफा

मोजा म्हणून हाक मारली की कुणीतरी मोजायला बसेल 😂

नावाबद्दल खरं सांगायचं तर दोन अक्षरी ठेवा, आणि ठरवायच्या आधी एकदा लांबून जोरात हाक मारून बघा. घरात गोड वाटणारं नाव मैदानात जीभ अडखळवतं. नेहमी वापरायच्या शब्दांशी मिळतंजुळतं नको. शेजाऱ्यांनी 'बसू' ठेवलंय, आता त्या बिचाऱ्याला हाक कुठली आणि 'बस' कुठलं ते कळत नाही, दरवेळी अर्धवट बसून तोंडाकडे बघत राहतं.

आणि नाव घेऊन कधीही रागवायचं नाही. नाव ऐकलं की चांगलंच काहीतरी होतं, इतकंच त्याच्या डोक्यात बसलं पाहिजे. नाव घ्यायचं, वळून बघितलं की लगेच खाऊचा बारीक कण. कान साफ करायचेत, नखं कापायचीत, तर नावाने बोलवायचं नाही, आपण उठून त्याच्याजवळ जायचं. पुढे कधी पट्टा सुटून रस्त्याकडे धावलं तर त्या एका हाकेवरच सगळं असतं.

टिवटिव

अवांतर आहे, पण नावांवरून राहवलं नाही. १९६० मध्ये अंतराळात जाऊन सुखरूप परत आलेल्या स्ट्रेल्का या सोव्हिएत कुत्रीला पुढे पिल्लं झाली. त्यातली पुशिंका सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी १९६१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या कुटुंबाला भेट पाठवली. तिला व्हाइट हाउसमध्ये चार पिल्लं झाली, त्यांची नावं बटरफ्लाय, व्हाइट टिप्स, ब्लॅकी आणि स्ट्रीकर. राष्ट्राध्यक्षांच्या घरीही रंग बघून नावं ठेवतात, तेव्हा 'मोजा'ला माझं अनुमोदन.

गोगलगाय

शी-शू. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर, दरवेळी त्याच एका जागी न्यायचं. जमिनीचा वास घेत गोल फिरायला लागलं की उचला आणि पळा. झाल्याबरोबर तिथेच उभं राहून शाब्बास आणि खाऊ. घरात आल्यावर खाऊ दिलात तर त्याला वाटतं घरात आल्याचं बक्षीस मिळालं.

घरात झालं तर काही न बोलता पुसायचं. शूमध्ये नाक घासणं वगैरे प्रकार बघितले की माझं डोकंच सणकतं. त्यातून ते इतकंच शिकतं की या माणसासमोर करायची नाही, मग पलंगाखाली जाऊन करतं. अमोनियावालं क्लीनर वापरू नका, त्याला तो शूचाच वास वाटतो. एन्झाइमवालं आणा.

मी_अनामिक

लसीचं कुणीच कसं लिहिलं नाही?

आमचं पहिलं पिल्लू पार्व्होने गेलं. संध्याकाळी जेवलं नाही, रात्री उलट्या, पहाटे रक्ताची शी. सलाइन लावलं, पण गेलंच. हा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो, म्हणून नंतर पिल्लू आणलंच नाही. सगळ्या लसी झालेली मोठी कुत्री दत्तक घेतली. आत्ता पायाशी घोरतेय.

पहिला डोस ६ ते ८ आठवड्यांचं असताना, मग दर तीनचार आठवड्यांनी पुढचे, १६ आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची साधारण तीन महिन्यांनंतर. जंताचं औषध वेगळं. आधी काय काय दिलंय त्याचं कार्ड मागून घ्या आणि आल्या आल्या डॉक्टरांना दाखवा.

रातराणी

अरेरे. वाचूनच कसंतरी झालं गं. काळजी घे.

खारूताई

अनामिक 🤗 मोठं कुत्रं दत्तक घेतलंत हे फार छान केलंत. त्यांना कुणी नेत नाही.

निळाई

आले परत. अनामिक, फार वाईट वाटलं.

त्याला जोडूनच लिहिते. डोस पूर्ण व्हायचेत म्हणून पिल्लाला घरात कोंडून ठेवलं तर दुसरंच दुखणं मागे लागतं. जग ओळखीचं करून घ्यायचा त्याचा काळ साधारण ३ ते १४ आठवड्यांचा असतो, आणि नेमका तेवढाच काळ लसींचा. म्हणून जमिनीवर सोडायचं नाही, पण कडेवर घेऊन बाहेर न्यायचंच. ठकीला मी अशीच फाटकापाशी घेऊन उभी राहायचे. हेल्मेट घातलेला माणूस, उघडणारी छत्री, काठी टेकत येणारे आजोबा, हॉर्न. छत्रीला घाबरली तेव्हा तिला आणखी जवळ नेलं नाही, उलट चार पावलं मागे गेले, तिथून बघू दिली, खाऊ दिला. पुढच्या पावसाळ्यात त्याच छत्रीखाली दुडूदुडू चालत होती. लस झालेल्या ओळखीच्या कुत्र्याला घरी बोलावलं तरी चालतं.

भटक्या

+१. आणि दिवसाचे अठरावीस तास झोपू द्या. संध्याकाळी वेड्यासारखं पळतं आणि पायांना चावतं, ते बऱ्याचदा झोप न झाल्यामुळे असतं. लहान मुलं असतील तर झोपलेल्या पिल्लाला हात लावायचा नाही हा नियम पहिल्या दिवसापासून.

रातराणी

आमच्याकडे मांजर आहे. समजा, नुसतं समजा हं, पिल्लू आणलं तर?

चाफा

म्हणजे पर्स उगाच नव्हती उचलली 😄 मांजरीला वर चढून बसायला उंच जागा आणि पिल्लू शिरणार नाही अशी एक खोली द्या. समोरासमोर आणायच्या आधी एकमेकांची फडकी हुंगू द्या. पहिल्या भेटीत पिल्लाला पट्टा लावा, मांजर मोकळी. बाकी ती बघून घेईल.

अंगणवेल

किती भरभरून लिहिताय सगळे! लेक वाचतेय आणि वहीत उतरवतेय. अनामिक, तुमचं वाचून तिने लगेच डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली. तिचा प्रश्न आहे की तिथे जे खातंय तेच द्यायचं की चांगलं काही आणायचं? आणि दूध?

गोगलगाय

आधी तेच. जागा बदललेली असते, त्यात खाणंही बदललं की पोट बिघडतं. रुळल्यावर नवीन थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवसांत बदला. गाई-म्हशीचं दूध नको, बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात. पाणी मात्र कायम समोर, आणि भांडं जड तळाचं घ्या, नाहीतर आत पाय घालून उलटं करतं.