स्टेंटनंतर नव्या गोळ्या, आठवड्यातच अंगभर पुरळ: कोणती गोळी थांबवायची?

मांजराकाठ (ता. केज)
अण्णा, वय ६६, वजन ५८ किलो, साखरेचा त्रास जुना. लातूरला अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला, त्याला आज ९ दिवस झाले. नव्या गोळ्या: सकाळी रक्तदाब-हृदयासाठी रॅमिप्रिल २.५ आणि मेटोप्रोलॉल २५, रात्री एक कॅप्सूल, तिच्यात अ‍ॅस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५ आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन २०. साखरेच्या मेटफॉर्मिन आणि विल्डाग्लिप्टिन आधीपासूनच. परवापासून पोट, पाठ आणि मांड्यांवर बारीक तांबूस पुरळ आहे, खाज रात्री जास्त. ताप नाही, तोंड आलेलं नाही, ओठ-जीभ ठीक, दम नाही. घरातले म्हणतात दोन दिवस सगळ्या गोळ्या बंद ठेवू, गेरू लावू, उतरलं तर उतरलं. पुढची तारीख १२ दिवसांनी आहे. काय करावं?

औषधपेटी
भाऊ, सगळ्या गोळ्या बंद करायचा विचार आधी डोक्यातून काढा. पुरळ खाजवून माणूस हैराण होतो, पण नवा स्टेंट रक्ताच्या गुठळीनं बंद पडला तर थेट झटका येतो, आणि ती भीती पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन्ही मिळून ती गुठळी अडवतात. यातली एकही गोळी स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय चुकवायची नाही. तारखेची वाट मात्र पाहू नका. आजच फोन करा, पुरळाचे फोटो उजेडात काढून पाठवा.

आता गुन्हेगार कोण. सुरू केल्यापासून आठवडाभरात पोट-पाठीवर येणारं असं पुरळ क्लोपिडोग्रेलचं असू शकतं, संशय पहिला तिच्यावर जातो. अँजिओग्राफीत टोचतात त्या डायनंही उशिरा पुरळ येतं, पण ते बहुतेक पहिल्या तीन दिवसांत. सातव्या दिवशी सुरू झालेलं असेल तर डायवरचा संशय कमी होतो. आणखी एक विचारा: या ९ दिवसांत अंगदुखीची गोळी किंवा कुठलं अँटिबायोटिक मेडिकलवरून आणलं होतं का? हे हमखास सांगायचं राहून जातं, आणि कित्येकदा चोर तिथंच सापडतो.

तुमची खरी अडचण ती कॅप्सूल आहे. तीन औषधं एकाच टोपणात असल्यामुळे एक थांबवायची म्हटली तर तिन्ही थांबतात. डॉक्टरांना सरळ म्हणा, 'तिन्ही सुट्या लिहून द्या.' सुट्या गोळ्या आल्या की जुनी कॅप्सूल घरातून बाजूला काढा, नाहीतर चुकून दोन्ही चालू राहतात आणि रक्त पातळ करणारं औषध दुप्पट जातं. रिकाम्या पट्ट्या फेकू नका, बॅच नंबर आणि कंपनीचं नाव त्यावरच असतं. पट्टी कापून देतात तेव्हा नेमका तोच कोपरा मेडिकलवाल्याकडे राहतो. म्हणून तो भाग मागून घ्या किंवा फोटो काढा.

क्लोपिडोग्रेलच निघालं तरी ते सोडावंच लागतं असं नाही. पुरळ साधं असेल तर डॉक्टर अनेकदा गोळी चालू ठेवून खाजेचं औषध आणि थोड्या दिवसांचा स्टेरॉइडचा कोर्स देतात. स्टेरॉइडनं साखर चढते, तेव्हा त्या दिवसांत रोज तपासा. बदलायचंच ठरलं तर टिकाग्रेलोर वेगळ्या जातीचं औषध आहे, ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. प्रासुग्रेल क्लोपिडोग्रेलच्याच कुळातलं, त्यामुळे तिथंही पुरळ उठू शकतं. शिवाय अण्णांचं वजन ६० च्या आत आहे, त्यात रक्तस्रावाचा धोका वाढतो.

कॅज्युअल्टी_सिस्टर
वरचं बरोबर आहे, पण ते फक्त साध्या पुरळासाठी. दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका.

पहिली: अंगावर मोठ्या गांधी उठून त्यासोबत दम, आवाज घोगरा, उलट्या, घाम, चक्कर. हे काही मिनिटांत वाढतं. उपाय अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, गरज पडली तर ५ मिनिटांनी पुन्हा. ते दवाखान्यातच मिळणार, म्हणून १०८ ला फोन करा किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. पाय उंच करून आडवं झोपवा; दम लागत असेल तर टेकवून बसवा, पण उठवून चालवत नेऊ नका, रक्तदाब एकदम कोसळतो. पाणी-चहा पाजू नका. आणि पोचल्या पोचल्या 'मेटोप्रोलॉल चालू आहे' हे सांगा. त्या जातीच्या गोळीवर अ‍ॅड्रेनॅलिनचा परिणाम अपुरा पडू शकतो, मग डॉक्टर ग्लुकॅगॉन या दुसऱ्या इंजेक्शनचा विचार करतात.

दुसरी फसवी आहे: ओठ, जीभ किंवा गालाचा एकच भाग सुजतो, पण खाजत नाही, गांधी नाहीत. यात आधी रॅमिप्रिलचा संशय घ्यायचा. शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचं रसायन साठतं त्यामुळे सूज येते, म्हणून अविल (अ‍ॅलर्जी-खाजेचं औषध) किंवा स्टेरॉइडनं ती नीट उतरत नाही, आणि लोक 'इंजेक्शन दिलं ना' म्हणून घरी परततात. ती पहिल्या आठवड्यात येते तशी वर्षभरानंतरही येऊ शकते. सोबत विल्डाग्लिप्टिन असेल तर धोका थोडा वाढतो, अण्णांना ती चालू आहे. एकदा अशी सूज आली की 'प्रिल' शेपटाची कुठलीच गोळी आयुष्यात पुन्हा नाही, आणि कमजोर हृदयासाठी देतात ते सॅक्युबिट्रिलही नाही.

तोंडात फोड, डोळे लाल, ताप, कातडी दुखणं किंवा सुटणं यातलं काही दिसलं तर रात्र काढू नका. केजहून अंबाजोगाईचं स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ सरकारी रुग्णालय) जवळ पडतं.

मांजराकाठ
डॉक्टरांशी बोललो. रात्रीची कॅप्सूल चालू ठेवायला सांगितली, उद्या दाखवायला बोलावलंय. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकच्या दोन गोळ्या घेतल्या होत्या हे आत्ता कळलं! रात्री खाजेवर अविल द्यावी का? आणि गेरूचं काय?

औषधपेटी
डायक्लोफेनॅकचं आत्ताच फोन करून कळवा आणि बंद करा. पुरळाचं बाजूला ठेवलं तरी ती गोळी हृदयालाही जड आणि पोटालाही, त्यात दोन रक्त पातळ करणारी औषधं चालू. गुडघ्याला तोवर पॅरासिटामॉल, डॉक्टरांना विचारून.

अविल नको. म्हातारपणी झोप चढते, रात्री लघवीला उठताना तोल जातो, आणि रक्त पातळ असताना डोकं आपटलं तर आत रक्तस्राव होऊ शकतो. प्रोस्टेट वाढलेली असेल तर लघवी अडते. सेटिरिझिन १० रात्री एक, हे विचारा. किडनी कमजोर असेल तर निम्मीच देतात. मेडिकलवर 'सर्दी-खाजेची गोळी' असं मोघम मागू नका. सर्दीच्या गोळीत फिनिलेफ्रिन असतं, त्यानं रक्तदाब चढतो.

गेरूनं पुरळ उतरत नाही, आणि उद्या डॉक्टरांना त्याचा खरा रंग दिसणार नाही, एवढंच नुकसान. कोमट पाण्यानं अंघोळ, साधं खोबरेल तेल, सुती बनियन. ऊन आणि घोंगडी दोन्ही टाळा, उष्णतेनं खाज भडकते.

कॅज्युअल्टी_सिस्टर
उद्या जाताना एक कागद न्या: प्रत्येक गोळीचं नाव, सुरू केल्याची तारीख, पुरळाची तारीख, आणि त्या डायक्लोफेनॅकची तारीख. औषध बदलून टिकाग्रेलोर दिलं तर पहिले काही दिवस जरा धाप लागल्यासारखं वाटू शकतं, ती अ‍ॅलर्जी नसते. घाबरून गोळी सोडू नका, फोन करा. पण धाप वाढत गेली, आडवं झोपवत नसेल किंवा छातीत दुखलं तर थेट दवाखाना. डॉक्टरांनी औषधाचं नाव पक्कं केलं की ते फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहून घ्या. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद तुम्ही स्वतःही १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री नंबरवर करू शकता.