मदत हवी आहे: शिमग्यासाठी वात्रट विनोद, पण कोणी ग्रुप सोडून जाणार नाही असे

मंडळी, आमचा गावच्या शाळेतल्या मित्रमैत्रिणींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. निम्मे मुंबईत, तिघे आखातात, बाकी गावी. फाल्गुन पौर्णिमा जवळ आली की गावात पालखी घरोघरी फिरते, होळीभोवती बोंबा मारल्या जातात आणि एरवी गप्प असणारी माणसंही चार शिव्या हासडून मोकळी होतात. ज्यांना सुट्टी मिळत नाही त्यांचा शिमगा मोबाईलवर!

गेल्या वर्षी एकाने एका मैत्रिणीच्या वजनावर विनोद टाकला. ती ग्रुप सोडून गेली, पाठोपाठ आणखी दोघी. शिमगा सरला तरी कवित्व उरतं म्हणतात, ते आम्ही दिवाळीपर्यंत भोगलं. त्यात आता आमचे गणिताचे सरही ग्रुपवर आलेत. (कोणी घेतलं त्यांना, अजून कबूल करत नाही.)

मला हवेत ते देवाची, गावकीची, स्वतःची टर उडवणारे. नमुना म्हणून माझाच एक:

गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, यंदा तरी रेल्वेचा तिकीट कन्फर्म होऊ दे!"
सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"
देव म्हणाला, "गप रवा, माझी पालखीच आरएसीत हा."

असे आणखी आहेत का कोणाकडे? मालवणी असतील तर फारच उत्तम. नवरा-बायकोचे नकोत, ते रोज सकाळी सुप्रभातच्या फुलांबरोबर येतातच. आणि सरांसमोर कितपत चावट चालेल, तेही सांगा.