रूप बदलणारी माणसं ठाण्यात: कादंबरी वाचताना तुमचा विश्वास कुठे उडतो?

धागाकर्ता:
मंडळी, माणसाचा बिबट्या होतो, कोल्हा होतो, कुणी शेजाऱ्याचं रूप घेऊन बेल वाजवतं, अशा शहरी अद्भुत कादंबऱ्या वाचणारे इथे बरेच आहेत. दोघा-तिघांच्या वहीत तर ठाण्यात किंवा वाशीत घडणारी एखादी अर्धवट लिहून पडलेली आहे. तेव्हा "आवडली", "बोअर झाली" एवढ्यावर थांबू नका. नेमका कुठे विश्वास उडाला, का उडाला आणि तिथे काय चाललं असतं ते लिहा. पुस्तकांची नावं नकोत, धागा भरकटतो. "येऊरला मला बिबट्या दिसला" हे किस्सेही नकोत, त्याचे तीन धागे आधीच आहेत.

पाचवा मजला:
माझा विश्वास वजनावर उडतो. ६० किलोच्या माणसाचा बिबट्या झाला तर हरकत नाही. नर बिबट्या साधारण ५० ते ७० किलोचा, मादी ३० ते ४०. थोडं इकडेतिकडे खपून जातं. पण आपला कोल्हा ८-१० किलोचा. उरलेले ५० किलो गेले कुठे?

लेखकाकडे तीनच वाटा आहेत. एक, वजन तसंच ठेवायचं. मग ६० किलोचा कोल्हा चालला पाहिजेही ६० किलोसारखाच: गाळात पोटापर्यंत रुतेल, पत्र्यावरून पळाला तर अख्खी चाळ जागी होईल. दोन, वजनाची ऊर्जा झाली म्हणायचं. हे कृपया कुणी लिहू नका. १ किलो वस्तुमान म्हणजे ९ वर सोळा शून्यं इतके ज्यूल, साधारण २१ मेगाटनचा स्फोट. ५० किलोंचे हजार मेगाटनच्या वर. नायकाचा कोल्हा होईल, पण ठाणं उरणार नाही. तीन, उरलेलं शरीर दुसरीकडे कुठेतरी ठेवलेलं असतं. ही वाट सगळ्यात चांगली, कारण तिथून कथानक निघतं: ते कुठे असतं, कोण राखतं, कुणी चोरलं तर काय. पण हा नियम पहिल्या शंभर पानांत सांगा. शेवटच्या प्रकरणात काढलात तर ती पळवाट दिसते.

लाल पेन:
पत्र्यावरचा कोल्हा, दंडवत!

गवतीचहा:
बिबट्यांबद्दल. परदेशी कादंबऱ्यांतली लांडग्यांची टोळी उचलून बिबट्यांवर चिकटवतात, तिथे मी पुस्तक मिटतो. बिबट्या एकटा राहणारा प्राणी. पिल्लं आईबरोबर असतात, बाकी ज्याचा त्याचा इलाका. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, आणि बिबट्यांची घनता आधीच प्रचंड. तिथे बारा जणांचा "गट" घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये गुण्यागोविंदाने राहतो, हे कोण मानेल? त्यांच्यात भांडण हद्दीवरून व्हायला हवं: वाघबीळच्या अलीकडे कोण, पलीकडे कोण. आणि तो "अल्फा", टोळीचा म्होरक्या! ती कल्पना मुळात बंदिस्त लांडग्यांना पाहून आली. रानातली टोळी म्हणजे बहुतेकदा आई, बाप आणि त्यांची पिल्लं, बस्स.

ठशांचं सांगतो, कारण प्रत्येक कादंबरीत एक तरी ठसा असतोच. मांजरकुळाची नखं चालताना आत ओढलेली असतात. म्हणून ठशात चार बोटं आणि गादी उमटते, नखांची टोकं नाहीत. टोकं दिसली की बहुधा कुत्रा. गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे असतात. उतारावर ओल्या मातीत पाय घसरला तर मात्र बिबट्याचीही नखं उमटतात. तुमच्या वनरक्षकाला इथे फसवता येईल, आणि तो फसला तरी मूर्ख ठरणार नाही.

अंगावरची नक्षी प्रत्येक बिबट्याची वेगळी, आणि डाव्या कुशीची उजवीशी जुळत नाही. म्हणून ओळख पटवायला कॅमेरा ट्रॅप वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर, गुडघ्याच्या उंचीवर बांधतात. उष्णता आणि हालचाल मिळाली की फोटो निघतो, वर वेळ छापलेली. म्हणजे रूप बदलणाऱ्याचं आधार कार्ड त्याच्या कुशीवरच आहे. २ वाजून ११ मिनिटांनी पहिल्या कॅमेऱ्यात बिबट्याची उजवी कूस, २ वाजून १५ मिनिटांनी पुढच्या वळणावर अनवाणी माणूस, पोटऱ्यांपर्यंत चिखल. एवढे दोन फोटो पन्नास पानं ओढतात, पण वापरतं कोण?

दोन गोष्टी घाईत. भुलीचं इंजेक्शन लागताक्षणी बिबट्या कोसळत नाही, साधारण ५ ते १५ मिनिटं जातात, आणि तेवढ्यात तो कुठेही घुसतो. नेहमीची जोडी केटामाइन आणि झायलाझिन, मात्रा वजनाच्या अंदाजाने. झायलाझिनला योहिम्बिनचा उतारा असतो, केटामाइन आपोआप उतरेपर्यंत थांबावं लागतं. केटामाइन माणसालाही देतात, झायलाझिन मात्र जनावरांचंच. पिंजऱ्यात रूप परतलं तर श्वास आणि रक्तदाब त्यानेच खाली जाईल. दुसरं म्हणजे चव. मांजरकुळात गोड ओळखणारं जनुक निकामी आहे. बिबट्याला पेढा म्हणजे नुसता चिकट गोळा.

धागाकर्ता:
पेढ्याचं जबरदस्त. सकाळी परत माणूस झाल्यावर चहा अळणी लागतो आणि घरच्यांना त्यावरून संशय येतो, असं करता येईल.

खाडीकाठ:
सगळ्यांची पौर्णिमा चुकते. मध्यरात्री, पूर्ण चंद्र, कांदळवनात कोल्हा धावतोय, किती छान. पण तेव्हा तिथे पाणी असतं हो!

कोळ्यांचं गणित सोपं आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. हा हिशोब किनाऱ्याचा, ठाण्याच्या खाडीत आतपर्यंत पाणी चढायला आणखी वेळ लागतो. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी नेहमीपेक्षा वर. म्हणजे पौर्णिमेच्या मध्यरात्री वाशी-ऐरोलीच्या तिवरांत तुमचा कोल्हा पोहत असणार. त्याला चिखलात खेकडे पकडायला लावायचे असतील तर अष्टमी घ्या. मध्यरात्री पूर्ण ओहोटी, भांगाचं (उधाणाच्या उलट, कमी चढउताराचं) संथ पाणी, अर्धा चंद्र. चंद्रकोरीवर रूप बदलू नये असा नियम कुणी केलाय?

आणि परत माणूस होण्याची जागा जपून निवडा. तिवराच्या बुंध्याभोवती श्वसनमुळं पेन्सिली खोचल्यासारखी उभी असतात. कोल्ह्याचे पाय त्यांच्यामधून जातात, माणसाचा तळवा त्यांच्यावरच पडतो. गाळ गुडघाभर. शंभर पावलांत पाय सोलून निघतील, तरी नायक थेट बंधाऱ्यावर येऊन फोन लावतो.

रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या वाट्याला कुणी जात असेल तर: हा पक्षी दोन-तीन किलोचा, तेव्हा पाचव्या मजल्याचा हिशोब इथेही लागू. गुलाबी रंग शेवाळ आणि कोळंबीसारख्या खाण्यातल्या रंगद्रव्यातून पिसं वाढताना उतरतो. नुकताच रोहित झालेला माणूस पांढुरका-राखाडी दिसायला हवा. थव्यात तो तेवढ्यावरून उठून दिसेल. आणि थवे साधारण नोव्हेंबर ते मे-जून. भर श्रावणात नेरुळच्या पाणथळीवर हजारो रोहित उतरवू नका.

जुना तिठा:
नियम बाहेरून आणायची गरजच काय? आपल्याकडे तीन पद्धती तयार आहेत, फक्त एकत्र कालवू नका. मारीच बाण लागताच सोन्याच्या हरणाचा पुन्हा राक्षस होतो: मरण आलं की मूळ रूप. महाभारतातला किंदम ऋषी हरणाच्या रूपात पांडूचा बाण खातो आणि माणसासारखा बोलतो, शाप देतो: रूप जनावराचं, वाणी माणसाची. पहिल्या पद्धतीत प्रेत माणसाचं सापडतं, म्हणून पोलिसकथा चालते. दुसरीत जनावर साक्ष देऊ शकतं. अगस्त्यांच्या शापाने अजगर झालेला नहुष ही तिसरी, लांब मुदतीची. परतीची अट ठरलेली, युधिष्ठिराने प्रश्नांची उत्तरं दिली की सुटका.

वाघोबाला "शापित आत्मा" करणारे लेखक मात्र खटकतात. वारल्यांचा तो देव आहे. त्याची ठाणी आहेत, वाघबारस आहे. बिबट्याबरोबर राहण्याचा तो करार आहे, भयपटातलं भूत नव्हे.

लाल पेन:
माझी तक्रार भाषेची, कारण मराठीत ही गोष्ट इंग्रजीइतकी सोपी नाही. बाईचं रूप पालटलं की "ती धावली", पुढच्या वाक्यात "बिबट्या धावला". वाचकाला वाटतं दुसराच प्राणी आला. माझा उपाय: रूप बदललं तरी निवेदनात "ती" कायम. "बिबट्या" हा शब्द फक्त तिला बाहेरून पाहणाऱ्यांच्या तोंडी, वॉचमन, वनरक्षक वगैरे.

दुसऱ्याचं रूप घेणाऱ्याची गंमत आणखी वेगळी. तो "आलो" म्हणतो की "आले", इथेच पकडला जातो. हुशार असेल तर लिंग न दाखवणारी वाक्यंच वापरेल: मी पाहिलं, मी खाल्लं, मी येईन, मला वाटतं, माझं झालं. "मी येतो", "मी बोलले" कटाक्षाने टाळेल. असा संवाद लिहिणं कठीण आहे, पण दोन पानं जमला की वाचकाच्या अंगावर काटा येतो आणि का येतो ते कळत नाही. घणसोली-दिवाळ्याच्या माणसाचं रूप घ्यायचं तर आगरीही आली पाहिजे. तिथे डोळ्याचा डोला होतो, पाण्याचं पानी. सदाशिवपेठी "पाणी" मागितलं की खेळ खलास.

चाव्या कुठे:
कपड्यांवर कुणीच बोललं नाही? फाटतात की गळून पडतात, एकदाच ठरवा. फाटत असतील तर महिन्याला किती जोड, हे घरात कुणाच्या तरी लक्षात येणारच. जाणती पात्रं आधी काढून ठेवतात, म्हणजे लपवायची जागा हवी, ती कोरडी हवी, आणि माकडांपासून सुरक्षित हवी. येऊरला ही शेवटची अट सगळ्यात अवघड. कापडी पिशवी फांदीला टांगली तर सकाळी पँट दुसऱ्या झाडावर. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, वर दगड. आत एक जोड कपडे, चपला, सुटे पैसे. मोबाइल नको, नाहीतर तो रात्रभर त्या डब्याजवळच्या टॉवरला जोडलेला सापडतो.

धागाकर्ता:
आणि पावसाळ्यात?

चाव्या कुठे:
डब्याच्या झाकणाला रबराची रिंग आहे का बघा. आणि डबा ओढ्याच्या वरच्या अंगाला.